भेकर कोणाला हाक देतें?

सह्याद्रीच्या एखाद्या दाट रानांतून सकाळच्या प्रहरीं वाट तुडवीत असतांना पुढच्या वळणापलीकडून कुत्रें भुंकल्यासारखा आवाज कानीं येतो. आसपास वस्ती नसते, धनगरवाडा नसतो, गुरें चारणारा पोरही दिसत नाहीं. एक भुंकार, क्षणभर शांतता, आणि पुन्हां तसाच एक भुंकार. नवखा प्रवासी म्हणतो, "कुणाचें तरी कुत्रें रानांत चुकलेलें दिसतें." बरोबरचा वाटाड्या मात्र पाऊल आवरतो आणि हलक्या आवाजांत सांगतो, "कुत्रं न्हाई साहेब, भेकर वरडतंय."

हें भेकर म्हणजे आपल्या डोंगरांतील एक लहानसें हरिण. खांद्यापाशीं त्याची उंची सुमारें दोन फूट, वजन वीस-पंचवीस किलो आणि रंग तांबूस पिंगट. शरीरानें तें बकरीएवढें. परंतु त्याचा आवाज दरीच्या पलीकडे ऐकूं जातो, आणि कित्येकदां तें थांबून थांबून बराच वेळ ओरडत राहतें. यांत नवल असें कीं, भेकर हें कळपानें राहणारें जनावर नव्हे. बहुधा तें एकटें असतें; फार तर नर आणि मादी, किंवा मादी आणि तिचें पिलूं. कळपांतल्या जनावरानें धोका पाहून आरोळी ठोकली, तर ती सोबत्यांसाठीं आहे असें आपण समजूं शकतों. पण ज्याला सोबतीच नाहीं तें कोणाला हाक देतें? आणि शत्रू जवळ आला असतां मुकाट्यानें दडून राहण्याऐवजीं ओरडून आपली जागा दाखवून देणें हा शुद्ध वेडेपणा नव्हे काय?

या प्रश्नाचें उत्तर शोधणें हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न दिसतो तितका निव्वळ कुतूहलाचा नाहीं. हल्लीं दर रविवारीं आणि सुटीच्या दिवशीं मुंबई-पुण्याकडील असंख्य माणसें डोंगरांत जातात, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळांची कधीं ना कधीं हरिणाशीं गांठ पडते. त्या दोन मिनिटांच्या भेटींत हरिण आपणांस कांहीं सांगत असतें. तें ज्याला समजलें त्याच्या हातून त्या जनावराचें नुकसान होत नाहीं. ज्याला समजलें नाहीं त्याच्या हातून, मनांत दया असतांसुद्धां, त्याचा जीव जाऊं शकतो.

प्रथम, आपल्याला भेटणारें हरिण कोणतें याची ओळख करून घेऊं. राधानगरीच्या रानाला १९५८ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. भीमाशंकर आणि कोयना हीं १९८५ सालीं अभयारण्यें झालीं. आणि कोयना व चांदोली हीं रानें मिळून २०१० सालीं सह्याद्री व्याघ्रप्रकल्प निर्माण झाला. या सगळ्या डोंगरपट्ट्यांत मुख्यत्वेंकरून सांबर, भेकर आणि पिसोरी अशीं तीन जनावरें आढळतात. सांबर हें भारतांतील सर्वांत मोठें हरिण. पूर्ण वाढलेल्या नराची उंची खांद्यापाशीं साडेचार-पांच फुटांपर्यंत जाते आणि वजन दोनशें किलोंच्याही वर भरतें. अंगावरचे केंस राठ व तपकिरी, मानेभोंवतीं त्यांची दाट झालर. दिवसां तें झाडींत बसून असतें आणि अंधार पडूं लागला म्हणजे चरावयास निघतें. पिसोरी याच्या अगदीं उलट. उंची जेमतेम फूटभर, वजन तीन किलोंच्या आसपास, आणि अंगावर पांढुरके ठिपके व पट्टे. त्याला शिंगें मुळींच नसतात. नराच्या वरच्या जबड्यांत बारीक सुळे मात्र असतात. शास्त्रज्ञ तर त्याला खऱ्या हरिणांच्या कुळांत गणीतच नाहींत. ठिपक्यांचें सुंदर चितळ घाटमाथ्यावरील ओल्या रानांत क्वचितच दिसतें. त्याला मोकळें, पानगळीचें जंगल मानवतें. ताडोबा, पेंच, नागझिरा या विदर्भांतील रानांत त्याचे कळपच्या कळप असतात, आणि मुंबईच्या कुशींतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतही तें आहे.

येथें एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठींत 'हरिण' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या कुळांतील जनावरांना लावतों. सांबर, चितळ आणि भेकर यांच्या नरांचीं शिंगें भरीव हाडाचीं असतात. तीं ठराविक काळानें गळून पडतात आणि त्यांच्या जागीं नवीं उगवतात. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा यांचीं शिंगें हाडाच्या खुंटावर बसलेल्या पोकळ आवरणाचीं असून तीं जन्मभर टिकतात. पहिलें खरें हरिणांचें कूळ. दुसरें गाई-बकऱ्यांच्या कुळाशीं नातें सांगणारें. भेकराच्या नराचीं शिंगें वीतभरही नसतात आणि केंसाळ हाडांच्या दोन उंच खुंटांवर तीं बसविल्यासारखीं दिसतात. त्याशिवाय त्याच्या वरच्या जबड्यांतून दोन सुळे बाहेर डोकावतात. हे सुळे कुत्र्याला चांगलेच जखमी करूं शकतात; म्हणून भेकराच्या नांवावरून कोणी त्याच्या ठिकाणीं भेकडपणाची कल्पना करील तर ती न्यायाची होणार नाहीं.

आतां या जनावराला आपली चाहूल कशी लागते तें पाहूं. आपण डोंगरांत हरिण पाहतों तेव्हां आपणच त्याला शोधून काढलें असें आपल्याला वाटतें. बहुतेक वेळीं खरी गोष्ट उलट असते. आपण त्याला पाहण्यापूर्वीं कितीतरी आधीं त्यानें आपणांस ओळखलेलें असतें. त्याचें पहिलें साधन नाक. डोंगरांतील वाऱ्याचा एक नियम आहे. सकाळीं ऊन चढूं लागलें कीं उतारावरची हवा तापते आणि डोंगराला घासून वर सरकूं लागते; संध्याकाळीं उतार थंड झाले कीं तीच हवा जड होऊन दरीकडे वाहूं लागते. म्हणून सकाळीं गड चढणाऱ्या माणसाचा गंध त्याच्या पुढें पुढें वर जात असतो, आणि संध्याकाळीं उतरणाऱ्याचा गंध त्याच्या आधीं खालीं पोंचतो. मोठा वारा नसला म्हणजे आपण ज्या दिशेनें निघालों तिकडच्या जनावरांना आपल्या आगमनाची वर्दी अशी आयतीच मिळालेली असते. धारेवर आडवा वारा असला, किंवा एखाद्या नाळेंत हवा कोंडली असली, कीं मात्र ही वर्दी चुकते, आणि अशा ठिकाणींच हरिण अगदीं दहा पावलांवर अचानक समोर येतें.

दुसरें साधन कान. हरिणाचे दोन्ही कान एकमेकांपासून स्वतंत्रपणें फिरतात. एक कान आपल्याकडे असतांना दुसरा पाठीमागची झाडी ऐकत असतो. तिसरें साधन डोळे. आणि यांच्याविषयीं आपला समज बराच चुकीचा असतो. हरिणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्याला जवळजवळ सर्व दिशांचें दिसतें. अगदीं पाठीमागचा थोडासा भाग काय तो सुटतो. परंतु या विस्ताराची किंमत त्याला स्पष्टपणानें मोजावी लागते. स्थिर उभी असलेली वस्तू त्याला आपल्याइतकी रेखीव दिसत नाहीं. हाललेली वस्तू मात्र तत्काळ कळते. लाल आणि नारिंगी रंग त्याला आपल्याप्रमाणें वेगळे ओळखतां येत नाहींत. निळा रंग चांगला ओळखतां येतो. म्हणजे ज्या लाल सदऱ्याची आपण चिंता करतों त्याची त्याला फारशी पर्वा नसते, "तो पाहा!" म्हणून उंचावलेल्या हाताची असते. अंधारांत पाहतां यावें म्हणून त्याच्या डोळ्यांत मागल्या बाजूस प्रकाश परतविणारा एक पडदा असतो. रात्रीं विजेरीचा झोत पडला म्हणजे हरिणाचे डोळे चमकतात ते यामुळेंच. आणि घाटांतल्या रस्त्यावर मोटारीच्या दिव्यांपुढें तें दिपून खिळल्यासारखें उभें राहतें त्याचेंही हेंच एक कारण.

तर अशा रीतीनें हरिणानें आपणांस ओळखलें. मग तें काय करतें? पहिली गोष्ट म्हणजे तें थांबतें. चालतांना उचललेला पाय तसाच अधांतरीं राहतो, तोंडांतला चारा चावावयाचा थांबतो, दोन्ही कान आपल्याकडे वळतात. हा भीतीनें आलेला जडपणा नव्हे. चालतांना आणि चावतांना स्वतःच्याच अंगाचा आवाज होतो. तो बंद केल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज नीट ऐकूं येत नाहीं. शिवाय स्थिर राहिलेल्या पिंगट अंगाला वाळल्या पानांपासून वेगळें काढणें कठीण असतें. पिसोरी तर बहुधा एवढ्याच युक्तीवर जगतें. तें पुतळ्यासारखें राहतें, आणि आपण पुढें गेलों तरी आपणांस त्याचा पत्ता लागत नाहीं.

शंका दूर झाली नाहीं तर दुसरी पायरी येते. सांबर आणि चितळ पुढचा पाय उचलून जमिनीवर जोरानें आपटतात. चितळ तीक्ष्ण किंकाळीसारखा आवाज काढतें. सांबर शेंपूट उभारून 'पोंक' असा खणखणीत आवाज देतें, इतका मोठा कीं रात्रीं जवळून ऐकला तर अंगावर कांटा उभा राहावा. आणि भेकर भुंकतें.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. एकट्या राहणाऱ्या भेकराची ही हाक कोणासाठीं? प्राणिशास्त्रज्ञ तिचा असा अर्थ लावतात कीं, ती प्रामुख्यानें शत्रूसाठींच आहे. हा अर्थ लक्षांत येण्यासाठीं बिबट्याची रीत आठवावी. बिबट्या हा दबा धरणारा प्राणी आहे. त्याची सारी भिस्त, भक्ष्याला कळण्याच्या आंत त्याच्याजवळ पोंचण्यावर असते. लांबवर धांवत पाठलाग करणें त्याला परवडत नाहीं. ज्या क्षणीं भक्ष्यानें त्याला पाहिलें त्या क्षणीं त्याचा अर्धा डाव फसला. भेकराचा भुंकार त्याला सांगतो, "तुला मीं पाहिलें आहे, आतां दबून येण्यांत अर्थ नाहीं." आणि पुष्कळदां बिबट्या खरोखरच उठून दुसरी वाट धरतो. त्यांत भेकराचाही लाभ असतो, कारण त्याला उगाच धांवावें लागत नाहीं. आणि बिबट्याचाही असतो, कारण व्यर्थ झालेल्या झेपेचे श्रम वांचतात. पळतांना भेकर शेंपटी उभारून तिची खालची पांढरीशुभ्र बाजू दाखवितें, तिचा अर्थही बहुधा हाच. वेडेपणा म्हणून आपण ज्याची संभावना करीत होतों ती एक पक्की व्यवहाराची भाषा निघाली.

म्हणजे, श्रोतेहो, आपल्याला पाहून भेकर भुंकलें तर तो भुंकार आपल्यासाठींच असतो. त्या वेळीं भेकरानें आपल्याला बिबट्याच्या जागीं धरलेलें असतें, आणि आपण पुढें काय करतों यावरून तें आपली परीक्षा करीत असतें. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताच्या रथापुढें धांवणारें हरिण वारंवार मान वळवून मागें पाहतें, हें आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. तें हरिण कृष्णसार, म्हणजे आपलें काळवीट, दुसऱ्या कुळांतलें. परंतु मागें वळून पाहण्याची ही रीत दोन्ही कुळांत सारखीच आहे. धोका संपला असेल तर एक पाऊलही अधिक पळावयाचें नाहीं, असा त्यामागचा हिशेब असतो.

हा हिशेब इतका काटेकोर कां असावा? कारण हरिणाच्या आयुष्यांत वाया घालविण्याजोगें फारसें कांहीं नसतें. रवंथ करणाऱ्या जनावराला चरण्याचा वेळ थोडा मिळतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला उघड्यावर येऊन घाईघाईनें पोट भरावयाचें आणि मग आडोशाला बसून तें सावकाश चघळावयाचें, असा त्याचा दिनक्रम असतो. भेकर तर निवडून खाणारें. कोंवळीं पानें, कळ्या, झाडाखालीं पडलेलीं फळें. आवळ्याचें फळ खाऊन त्याची कठीण बी हीं जनावरें रवंथाच्या वेळीं दुसरीकडे टाकून देतात, आणि त्यांतून रानांत नवे आवळे उगवतात. आपण डोंगर चढावयास निघतों ती वेळ नेमकी पहाटेची, आणि परततों ती तिन्हीसांजेची. एका टोळीनें हरिणाला उठविलें तर त्याची एक न्याहारी गेली. पण ज्या वाटेनें एका सकाळीं वीस टोळ्या जातात तेथील हरिणानें काय करावें? त्यांतून चैत्र-वैशाखांत झरे आटलेले असतात आणि पाणी एखाद्या टांक्यांत किंवा डोहांत उरलेलें असतें. तेथेंच आपण डेरा टाकून बसलों, तर रात्रभर झाडींत उभीं राहिलेलीं जनावरें तहानलेलीं परत जातात.

यापेक्षांही मोठा धोका कुत्र्यांचा. पायथ्याच्या वाडींतील कुत्रीं बिस्किटांच्या आशेनें पाहुण्यांबरोबर गडावर येतात, हा अनेकांचा अनुभव असेल. आपल्याला त्यांची सोबत गोड वाटते. परंतु आतांच सांगितलें कीं भेकराची हाक दबा धरणाऱ्या शत्रूसाठीं असते. रानकुत्रे, ज्यांना कांहीं ठिकाणीं कोळसुंदे म्हणतात, ते दबा धरीत नाहींत. ते टोळीनें पाठलाग करून शिकार करतात. त्यांच्यापुढें भुंकण्याचा उपयोग नसतो. पळणें, आणि सांबरानें तर पाण्यांत शिरणें, एवढाच मार्ग उरतो. गांवकुत्रें हरिणाच्या नजरेला त्याच जातीचा शत्रू दिसतें. तें सहज मौजेनें मागें लागलें तरी हरिण जिवाच्या आकांतानें धांवतें. अतिश्रमानें आणि भयानें हरिणाच्या स्नायूंची अशी कांहीं हानि होते कीं, पाठलागांतून सुटलेलें किंवा माणसांनीं धरून सोडलेलें जनावर वरून धडधाकट दिसूनही कांहीं तासांनीं, कधीं कांहीं दिवसांनीं, मरून पडतें. पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाची ही गोष्ट आहे. म्हणून कुत्र्याला वाटेंत खाऊं घालून मागें लावून घेऊं नये, आणि स्वतःचें कुत्रें तर रानांत नेऊंच नये.

मग हरिण समोर आलें असतां काय करावें? करावयाचें फारच थोडें आहे. जेथें असाल तेथें थांबावें. हात वर करूं नये, एकमेकांना हांका मारूं नयेत, छायाचित्रासाठीं पुढें सरकूं नये. कुजबुजत दबकत पुढें जाणें हें तर सर्वांत वाईट. कारण दबकत येणें ही बिबट्याची रीत आहे, आणि आपण नेमकी तीच उचललेली असते. हरिणाला जाण्याची वाट मोकळी आहे ना हें पाहावें. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला आपण, अशा कोंडींत सापडलेलें जनावर कड्याकडे झेप घेण्याचा संभव असतो. तें निघून गेलें कीं मिनिटभर थांबून साध्या चालीनें, साध्या आवाजांत बोलत पुढें जावें. वाटेनें सरळ चालणारीं माणसें जनावरांना लवकर कळतात आणि त्यांचें त्यांना भयही कमी वाटतें. वाट सोडून झाडींत शिरलेल्या माणसाचा मात्र त्यांना भरंवसा नसतो. खिशांतल्या यंत्रावर मोठ्यानें गाणीं लावणें टाळावें. त्या गोंगाटांत हरिणाला बिबट्याची चाहूल ऐकूं येत नाहीं. थंडीच्या दिवसांत सांबराचा नर माजावर असतो. अशा नरापासून लांबच राहावें, कारण मग तो पळेलच असें नाहीं. वाटेंत गळून पडलेलें शिंग सांपडलें तर तें तेथेंच राहूं द्यावें. साळिंदर अशीं शिंगें कुरतडून आपल्या शरीराला लागणारा चुना मिळवितें. आणि आपल्याला तर तें शिंग घरीं बाळगण्यास कायद्याचीही मुभा नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची राहिली आहे. कधीं कधीं गवतांत किंवा झुडपाच्या बुडाशीं हरिणाचें एखादें पिलूं एकटेंच पडलेलें दिसतें. सांबराचीं पिलें बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशीं जन्मतात, आणि डोंगरांत माणसांची गर्दी होते तीही पहिल्या पावसानंतरच. भेकराला तर ठराविक असा ऋतु नाहीं. त्याचें पिलूं केव्हांही दिसूं शकतें. तें हालत नाहीं, ओरडत नाहीं, जवळ गेलें तरी पळत नाहीं. मान जमिनीला लावून नुसतें पाहत राहतें. आईचा कोठें मागमूस नसतो. पाहणाऱ्याचें मन द्रवतें. "बिचाऱ्याला आई टाकून गेली," असें म्हणून कोणी त्याला उचलतो, अंगावरच्या रुमालांत गुंडाळतो, बाटलींतलें पाणी किंवा गाईचें दूध पाजतो आणि शहरांत घेऊन येतो. असें पिलूं बहुधा जगत नाहीं.

खरें पाहतां त्याला कोणी टाकलेलें नसतें. पहिले कांहीं दिवस पिलाला आईबरोबर धांवतां येत नाहीं. म्हणून तें एका जागीं निपचित पडून राहतें आणि आई दूर चरावयास जाते. तिच्या अंगाला गंध असतो, पिलाच्या अंगाला फारच थोडा. ती वरचेवर जवळ आली तर शत्रूला वाट दाखविल्यासारखें होईल. दिवसांतून थोड्याच वेळां येऊन ती त्याला पाजते, चाटून स्वच्छ करते आणि पुन्हां निघून जाते. तें हालत नाहीं यालाही कारण आहे. अमेरिकेंतील पांढऱ्या शेंपटीच्या हरिणाच्या पिलांवर जीं निरीक्षणें झालीं आहेत त्यांत असें आढळलें कीं, धोक्याची चाहूल लागतांच पिलाच्या हृदयाचे ठोके एकाएकीं मंद होतात आणि श्वासही थोपतो. ज्याला आपण दुबळेपणा समजतों ती त्याची ढाल असते; आणि त्याच ढालीमुळें आपल्याला तें सहज उचलतां येतें! आई बहुतेक वेळीं हांकेच्या अंतरावर झाडींत उभी राहून हें सारें पाहत असते.

म्हणून पिलूं दिसलें तर त्याच्याभोंवतीं गोळा न होतां, त्याचें चित्र घेण्याकरितांही न थांबतां, तेथून सरळ दूर व्हावें. आपण जितका वेळ तेथें थांबूं तितका वेळ तें उपाशी राहील. एखाद्यानें आधींच पिलूं उचलून आणलें असेल तर तें लगेच त्याच जागीं नेऊन ठेवावें. मनुष्याचा हात लागला कीं आई पिलाला घेत नाहीं ही समजूत सर्वत्र आहे, पण ती खरी नाहीं. आईची माया एवढ्यानें तुटत नसते. पिलूं जखमी असेल, किंवा जवळच आई मेलेली आढळेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हां वनखात्याच्या माणसांना कळवावें, आणि ते येईपर्यंत स्वतः कांहीं खाऊं-पिऊं घालूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यांत रानटी जनावर पकडणें याचाही समावेश होतो, हेंही ध्यानांत ठेवावें. आणि दैववशात् असें पिलूं जगलें, तरी माणसाळलेल्या हरिणाला रानांत परत जातां येत नाहीं. नर असला तर शिंगें फुटल्यावर तो पाळणाऱ्याच्याच अंगावर येऊं लागतो, आणि पुढील आयुष्य त्याला कुंपणांत काढावें लागतें.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. भेकराचा भुंकार दरवेळीं आपल्यासाठींच असतो असें नाहीं. जिम कॉर्बेट यांनीं कुमाऊंच्या जंगलांत जनावरांच्या अशा हाकांवरून वाघ-बिबट्यांचा माग काढण्याची विद्या आत्मसात् केली होती. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'जंगल लोअर' या पुस्तकांत त्यांनीं ती सविस्तर सांगितली आहे. आपण स्थिर उभे आहों, वारा आपल्याकडून भेकराकडे जात नाहीं, तें भुंकत आहे पण त्याचें तोंड दुसरीकडेच आहे, आणि त्यांतच वरच्या उतारावरून सांबराचा 'पोंक' ऐकूं येऊं लागला, अशा वेळीं समजावें कीं रानांत आणखी कोणी चालत आहे. सांबर सहसा उगाच ओरडत नाहीं असें जंगलाचे जाणते सांगतात. काय आहे तें पाहण्यासाठीं तिकडे जाऊं नये. सर्वांनीं एकत्र व्हावें, मुलांना मध्यें घ्यावें आणि आपल्या वाटेनें बोलत बोलत चालूं लागावें.

आपण निरुपद्रवी आहों, हातांत बंदूक नाहीं, मनांत पाप नाहीं, हें आपलें आपल्याला ठाऊक असतें. हरिणाला तें कळण्याचा मार्ग एकच: आपलीं पावलें. तीं थांबलीं, वळलीं आणि वाटेला लागलीं, म्हणजे त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालें. मग भुंकार दोन-चार वेळां होऊन आपोआप बंद पडतो, आणि तें जनावर अर्धवट राहिलेला घांस पुरा करावयास पुन्हां मान खालीं घालतें.